अन्सेल्मोची सोनेरी केसांची दियाना

ब्रिजिदाच्या शेजारच्या मागावर मी एकतीस वर्षं रेशीम विणलं, तेव्हा तिच्याबद्दल लुक्का शहरातल्या कवींपेक्षा मला जास्त कळतं. कवी तिला निष्ठुर म्हणायचे. निष्ठुर कसली! अन्सेल्मोला ती नको म्हणाली, एवढंच. पण बड्या घरच्या मुलाला विणकरणीनं नको म्हटलं, की त्याला नकार ऐकू येत नाही, कविता सुचते.

हा अन्सेल्मो धाकटा मुलगा. जमीन थोरल्याकडे गेलेली, लढाईवर जायची छाती नाही, म्हणून श्रीमंतांच्या पंगतीत कविता वाचायचा आणि पोटभर जेवून यायचा. कवितेत ब्रिजिदाचं नाव दियाना. तो तिचा गुलाम, तिच्या नजरेनं घायाळ, तिच्या पायाची धूळ. बाहेर पडताना मात्र गुलामाच्या पुढे दोन नोकर आणि मागे दोन.

ब्रिजिदाचं रंगाऱ्याच्या बाल्दोशी ठरलं होतं. तिला तो मनापासून आवडायचा. लग्नाला महिना उरला असताना, सान फ्रेदियानोच्या चर्चबाहेर, भर सणाच्या गर्दीत अन्सेल्मोनं तिच्या डोक्यावरचा रुमाल हिसकावला. आमच्याकडे याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो: ही माझी, दुसऱ्यानं हिच्याकडे बघायचं नाही. रुमाल ओढलेली मुलगी मग कुणी सून म्हणून घेत नाही. अन्सेल्मो तरी विणकरणीशी लग्न थोडंच करणार होता? त्याला ती मळ्यातल्या घरात ठेवायला हवी होती. आणि रुमालाखाली लोकांना दिसलं काय, तर तापात भादरलेलं डोकं. त्यावर बोटभरही केस नव्हते.

बाल्दोचा बाप म्हणाला, “रुमाल त्यानं जबरदस्तीनं ओढला असं न्यायाधीशाच्या तोंडून वदवून आणा, मग लग्नाचं बघू.” बाल्दो बापाच्या मागे उभा राहून नखं कुरतडत होता.

म्हणून आम्ही फिर्याद केली. अन्सेल्मोनं उत्तर म्हणून चक्क कविता वाचली. तिच्यात खट्याळ वारा येतो, दियानाचा रुमाल उडवतो, सोनेरी कुरळे केस खांद्यांवर उसळतात आणि बिचारा कवी जागच्या जागी जायबंदी होतो. न्यायाधीश डोळे मिटून मान डोलवत होता.

“वा! म्हणजे रुमाल वाऱ्यानं नेला तर.”

“साहेब, त्या दिवशी झाडाचं पानसुद्धा हलत नव्हतं,” मी म्हणाले.

“बाई, तुला कुणी विचारलंय?”

तेव्हा ब्रिजिदानं स्वतःच रुमाल सोडला. “हे बघा साहेब, सोनेरी केस. सापडले तर सांगा. केस खोटे, तर वारा तरी खरा कशावरून?”

सगळे खो खो हसले. अन्सेल्मोचे कान लाल झाले. “अहो, कवितेत केस सोनेरीच असतात!” तो किंचाळला. मुलीचं आयुष्य नासवलं त्याची लाज नाही, केस चुकले त्याची.

न्यायाधीशानं घसा खाकरला. “पोरी, एवढ्या पुरुषांसमोर तू आपल्या हातानं डोकं उघडं केलंस. मग यानं तुझं काय नेलं?”

झाला न्याय. बाल्दो दाराशीच होता. ब्रिजिदानं त्याच्याकडे पाहिलं, तर पठ्ठ्या मान खाली घालून चालता झाला. अन्सेल्मोपेक्षा मला त्याचीच जास्त किळस आली.

पुढच्या हिवाळ्यात अन्सेल्मोचं मन दुसरीकडे जडलं असावं, कारण त्यानं दियानाला मारून टाकलं. म्हणजे कवितेत. अस्पर्श, निष्कलंक, हातात पांढरं फूल घेऊन ती थेट स्वर्गात गेली. सगळं शहर ढसाढसा रडलं. ब्रिजिदा तेव्हा माझ्या शेजारी बसून लसूण चोळलेला पाव खात होती.

आठवड्याभरानं बाल्दो आला. अंगात नवा सदरा, हात घासून घासून धुतलेले.

“ब्रिजिदा, बाबा तयार झालेत गं. आता कुणाची काही तक्रार नाही. त्या कवितेतच आहे ना, तुला कुणी बोटही लावलं नव्हतं म्हणून.”

“आणि मी सांगत होते तेव्हा?”

“तुझं कोण ऐकणार होतं? तो शिकलेला माणूस.”

वर्षभर ती त्याची वाट बघत होती. दारात पाऊल वाजलं की तिचा धागा तुटायचा, हे मी रोज पाहिलं होतं. त्यामुळे आता ती उठेल, रडेल, त्याच्या गळ्यात पडेल असंच मला वाटलं, आणि खरं सांगते, मला तिचाही राग येऊ लागला होता.

“मग तिच्याशीच कर लग्न,” ब्रिजिदा म्हणाली. “ती स्वर्गात असते.”

“अगं, वेडी आहेस का? ती तूच ना?”

ब्रिजिदानं मागावरचा धोटा उचलला.

“उजेडातून बाजूला हो, बाल्दो. मला धागा दिसत नाही.”