कारेगावच्या खानावळीत भाकरी का मोजतात?

गेल्या महिन्यात ब्लॉगवर एका वाचकाने चिडून लिहिलं, "तुमचं वाचून कारेगावला जेवायला गेलो. बाजरीची भाकरी पोटभर म्हणे! दोनच मिळाल्या, तिसरीला दहा रुपये जास्त." माझ्या नाकाला मिरच्याच झोंबल्या. अलकाताईंच्या खानावळीत भाकरी मोजून देतात? शक्यच नाही.

त्यात आणखी एक गोष्ट. मी ज्युनिअर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. त्याच आठवड्यात फळ्यावर दोन रेषा काढून मी रुबाबात सांगितलं होतं, की किमान वेतन वाढलं की छोटा मालक माणसं कमी करतो. मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, "मॅडम, हे तुम्ही बघितलंय का?" बघितलं नव्हतं. शनिवारी सकाळी सहाला खराडीतून स्कूटर काढली.

जाणाऱ्यांनी एवढंच करा, वाघोली सातच्या आत ओलांडा. कोरेगाव भीमाला पूल ओलांडला की चहाला थांबायला हरकत नाही. शिक्रापूरच्या चौकात कंटेनर आडवे येतात, तिथे घाई करू नका. मी रांजणगावच्या गणपतीला बाहेरूनच हात जोडले आणि साडेआठला कारेगावात पोचले. कंपन्यांच्या बसमधून रात्रपाळीची मुलं उतरत होती. "अरे, आज रोटी मिलेगी क्या?" असं एकजण दुसऱ्याला विचारत होता. मी कान टवकारले.

खानावळ तीच, पत्र्याची शेड आणि सहा टेबलं. तव्यापुढे मात्र खुद्द मालकीण, अलकाताई. बोटाला फडकं गुंडाळलेलं, आणि तव्यावरच्या भाकरीची कड चिरलेली.

"हिराबाई कुठंयत?" मी विचारलं. हिराबाई म्हणजे या खानावळीचे हात. अकरा वर्षं इथल्या भाकऱ्या त्यांच्याच.

"गेली," अलकाताई म्हणाल्या. "मंगळवारी गेली राहूला, बहिणीकडं. फोन बी उचलंना."

ताट ऐंशीचंच होतं, आमटी पूर्वीसारखीच झणझणीत. भाकरी मात्र घशात अडकत होती. मी खाताखाता ताईंनी सगळं सांगितलं. पूर्वी बायकांना पिठाच्या किलोवर पैसे मिळायचे. किमान वेतनाचा नवा दर लागला, कंपनीच्या कँटीनमधल्या बायकांचा रोज वाढला, आणि ती बातमी दुपारच्या आत इथल्या चुलीपाशी आली. कामगार खात्याचा कागदही आला.

"म्हणलं, आपुन बी द्यायचं. हिराला रोजामागं चांगलं शंभर रुपयं वाढवून दिलं. तरी गेली! आता काय करू, म्याडम? चपातीचं मशीन बघितलंय. सोमवारी त्याला ॲडव्हान्स द्यायचाय. पर मशीन बाजरी थापत न्हाई. एकदा ते आलं की भाकरी कायमची बंद."

मला हळहळ वाटली, आणि खरं सांगायचं तर हिराबाईंचा थोडा रागही आला. शंभर रुपये वाढवूनही माणूस निघून जातं! माझ्या फळ्यावरच्या रेषांत हे कुठेच बसत नव्हतं. मी परत राहूवरूनच जाणार म्हटल्यावर ताईंनी तवा खाली ठेवला. "मग एवढं इचारा तिला. सोमवारच्या आत येती का, न्हाई म्हंजी न्हाई सांग म्हणावं."

शिरूरला तीनशेचं पेट्रोल भरून मी न्हावऱ्याच्या रस्त्याला लागले. महामार्गाच्या गोंगाटानंतर हा रस्ता फार सुखाचा वाटतो. मध्ये खड्ड्यांचा एक पट्टा आहे, पण दोन्हीकडे ऊस आणि कांदा. पारगावच्या अलीकडे भीमेचा पूल ओलांडला की शिरूर तालुका संपून दौंड लागतो, आणि हवेला गुळाचा वास येऊ लागतो. राहूत पत्ता विचारावा लागला नाही. जिथून धूर दिसेल तिथे गुऱ्हाळ. तिसऱ्या गुऱ्हाळावर हिराबाई भेटल्या, गुळाच्या ढेपा कागदात गुंडाळत बसलेल्या.

"या म्याडम! रस घ्या आधी," त्या म्हणाल्या. रसाचे पंधरा रुपये गुऱ्हाळवाल्याने घेतलेच नाहीत. वर वाटीभर कोमट काकवी दिली. ती चाटतच मी विषय काढला, की ताईंनी शंभर रुपये वाढवले, तरी तुम्ही का आलात?

हिराबाईंचे हात थांबले. "वाढवलं म्हणली का ती? आन् कांताचं काय सांगितलं?"

"कोण कांता?"

"माझ्या जोडीची. बाजरीचं पीठ मळून ठिवता येत न्हाई, म्याडम. मळायचं की लगीच थापायचं. मंग एकीनं थापायची आन् दुसरीनं भाजायची, तव्हा गर्दीला भाकरी पुरती. मालकिणीनं कांताला घरी बसवलं आन् तिच्या रोजातलं शंभर मला दिलं. ही वाढ व्हय? काम दोघींचं, हात माझं एकटीचं. म्हणून तर भाकरी मोजाय लागली, पुरणार कुठनं?"

मी काकवीची वाटी खाली ठेवली. भाकऱ्या का मोजतात ते मला इथे, चाळीसेक किलोमीटर लांब कळलं.

"आन् कांता तिकडं कारेगावात आमच्याच चाळीत ऱ्हाती," त्या खाली बघत म्हणाल्या. "रोज नळावर भेटती. काय बोलत न्हाई बिचारी. तिचं पैसं माझ्या पदराला बांधून मी तिच्यापुढनं कशी जाऊ?"

मी तिथूनच अलकाताईंना फोन लावला. हिराबाईंनी तो हातात घेतला नाही, पण मोठ्याने, पलीकडे ऐकू जाईल असं म्हणाल्या, "दोघींना बोलवायचं असंल तर येती म्हणावं! ताटाला शंभर घ्या, भाकरी मोजू नगा. कंपनीतल्या पोरांचा बी पगार वाढलाय की!"

पलीकडे भांडी वाजत होती. "कांताचं सांगितलं व्हय तिनं," अलकाताई म्हणाल्या. "तुमास्नी सांगायचं ऱ्हायलं." मग आवाज चढला. "बोलाय काय जातंय तिचं! दोघींचा रोज, ग्यास, भाडं. शंभरचं ताट कुणी घेतलं न्हाई तर मी काय करू?" त्या रागावल्या होत्या, पण खोटं बोलत नव्हत्या. फोन बंद झाला. हिराबाईंनी पुढची ढेप ओढली.

राहूहून केसनंदमार्गे वाघोली हा परतीचा रस्ता संध्याकाळी सुरेख आहे, असं नेहमी लिहिते. या वेळी मला त्यातलं काही आठवत नाही.

सोमवारी रात्री अलकाताईंचा फोन आला. ॲडव्हान्स दिला नव्हता. हिराबाई आल्या होत्या, कांता आली होती, आणि ताट शंभरचं झालं होतं. "नऊ गिऱ्हाइकांचं डबं बंद झालं पयल्याच दिवशी," त्या म्हणाल्या. "धाकधूक हाय, म्याडम. पाडव्यापतुर बघती. न्हाई जमलं तर मशीन हायच." मागून थापण्याचा आवाज येत होता. तेव्हा जायचं असेल तर पाडव्याच्या आत जा, आणि शंभराच्या नोटेबद्दल कुरकुरू नका.

वर्गात त्या मुलीला सांगितलं, बघून आले. रेषा अगदी चूक नाहीत, पण त्यांच्यात कांता दिसत नाही.

हे सगळं लिहीत होते तेव्हा आमच्याकडे स्वयंपाकाला येणारी संगीता ओट्यापाशी भाजी चिरत होती. मागच्या वर्षी मी तिचा पगार तीनशेने वाढवला होता. किती कौतुकाने मैत्रिणींना सांगितलं होतं मी! भाजी चिरायचं आणि ओटा धुवायचं काम त्याच महिन्यापासून तिच्याकडे गेलं, हे मात्र कुणालाच सांगितलं नव्हतं. मला फार लाज वाटली. लॅपटॉप मिटला आणि तिच्या हातातून सुरी घेतली.

"उद्यापासून भाजी मी चिरेन," मी म्हटलं.

ती दोन पावलं मागे सरली. "का वो ताई," तिने घाबरून विचारलं, "पगार कमी करताय का?"