रुपाच्या हजेरीला थांबणाऱ्या बाई

इतर वर्गांची हजेरी चार मिनिटांत व्हायची, बाईंच्या वर्गाला पाच-सहा लागायची. कारण रुपा. जन्मापासून तिचं अंग ताठरलेलं, बोलता येत नसे. नाव पुकारलं की चाकाच्या खुर्चीच्या दांडीवर ती तळवा आपटायची, तेच तिचं 'हजर'. तो हात उचलायला कधी अर्धं मिनिट जाई, कधी दोन. तोवर बाई पेन खाली ठेवून थांबत आणि सगळा वर्ग गप्प असे. एखाद्यानं घाईनं तिच्या वतीनं "हजर बाई!" म्हटलंच, तर बाई त्याच्याकडे वळत. "तुझी हजेरी तू दिलीस ना? मग तिची तिला देऊ दे की."

गावानं त्यांचं नाव 'थांबाबाई' पाडलं होतं. मी तळेगाव ढमढेरेजवळच्या त्या शाळेचा मुख्याध्यापक. स्टाफरूममध्ये त्या नावावर सगळ्यात मोठ्यानं हसणारा मीच.

"बाई, अशानं अभ्यासक्रम कधी संपायचा?" मी एकदा विचारलं.

"अभ्यासक्रम कुठं पळून जात नाही, सर. पोरगी जाईल."

रुपाला शाळेत आणलं होतं त्यांनीच. तिचे वडील रांजणगावच्या एका कंपनीत शिफ्टला जात. "हिला काय कळतंय? लोकं हसत्याल," एवढंच त्यांचं म्हणणं. शाळा सुटली की बाई त्यांच्या ओट्यावर जाऊन बसू लागल्या. असे दोन-अडीच महिने गेले. रुपाची आई कंटाळून म्हणाली, "बाई, च्या घ्या आन् जावा आता." बाई म्हणाल्या, "चहा घेते. जायचं तेवढं सांगू नका." जूनमध्ये वडीलच खुर्ची ढकलत शाळेत आले.

पुढं काही महिन्यांनी एक पत्र आलं. दिव्यांग मुलांना नेहमीच्या वर्गात शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी परदेशातल्या शाळांचा अभ्यासदौरा होता. वर्गाचे फोटो आणि केलेल्या कामाचं टिपण पाठवायचं होतं. फोटो मी बाईंच्या वर्गाचे काढले. टिपणासाठी त्यांचीच वही मागून घेतली, 'वरून माहिती मागवली आहे' असं सांगून. नाव मात्र माझं घातलं. ते पत्र मी त्यांना मुदत संपल्यावर दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, घडी घालून माझ्या टेबलावर ठेवलं. "बरं झालं, सर. बघून या. आल्यावर आम्हाला सांगा."

तिकडच्या एका शाळेत मधल्या सुट्टीला एक मुलगा बूट घालत होता. हात थरथरत होते. बाहेर बर्फ, दारात सगळा वर्ग टोप्या घालून उभा, आणि त्याची शिक्षिका नुसती थांबलेली. आमच्या गटातल्या सगळ्यांनी फोटो काढले. मीही काढला. त्या क्षणी बाई आठवल्या, हे मी कुणाला बोललो नाही.

परत आल्यावर माझे सत्कार झाले. शिरूर, दौंड, जिथं बोलावलं तिथं गेलो. पडद्यावर तो बुटाचा फोटो टाकून म्हणायचो, "मित्रहो, आपण मुलांसाठी थांबायला शिकलं पाहिजे." आसपासच्या शाळांच्या आमच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत बाई शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. माझं भाषण त्या वहीत उतरवून घेत होत्या. ती थट्टा नव्हती. खरंच उतरवून घेत होत्या.

मग जिल्ह्याचे साहेब बाईंचाच वर्ग 'परदेशी धर्तीवरचा वर्ग' म्हणून बघायला येणार असं ठरलं. रुपा आनंदली की किंचाळायची, लाळ गळायची. साहेबांसमोर ते नको, असं मला वाटलं. तपासणीला 'तसली' पोरं घरी ठेवायची आमच्याकडची रीत जुनीच. आदल्या दिवशी मी तिच्या वडिलांना गाठलं. "उद्या एक दिवस आणू नका. गर्दी असते, तिलाच त्रास होईल." ते लगेच हो म्हणाले. तिची खुर्ची तेवढी मी मागून आणली आणि तीत पाचवीतला एक जरा लंगडणारा, नीटनेटका मुलगा बसवला.

साहेब आले. बाईंनी हजेरी सुरू केली. रुपाचं नाव घेतलं, पेन ठेवलं आणि थांबल्या. साहेबांनी घड्याळात पाहिलं. मी हळूच म्हणालो, "बाई, गैरहजर आहे ती."

"गैरहजर नाही, सर. तिची आई सकाळी भेटली मला. तुम्ही येऊ दिलं नाही."

साहेब हसले, शेरेबुकात 'उत्कृष्ट उपक्रम' लिहून गेले. संध्याकाळी मी बाईंना कारणे दाखवा नोटीस दिली. कारण लिहिलं, 'वरिष्ठांसमोर असभ्य वर्तन'. त्यांनी उत्तरात एकच ओळ लिहिली, 'मी हजेरी घेत होते.' त्या वर्षीच्या बदल्यांत त्यांनी दौंड तालुका मागून घेतला. निरोपाला नारळ-शाल माझ्याच हातून घेतली. माझ्याकडे पाहिलं मात्र नाही.

रुपा त्या दिवसानंतर शाळेत आलीच नाही. बाई आमच्या शाळेत असेपर्यंत रोज तिच्या ओट्यावर जात होत्या. पण या खेपेला दार उघडलं नाही.

दोन वर्षांनी मी दौंडकडे बाईंच्या शाळेत गेलो. व्हरांड्यात उभ्याउभ्याच त्यांनी विचारलं, "रुपा येते का?"

"नाही. बाई, मी तुमची माफी मागायला..."

"माझी कशाला? ज्या घरी जायचं तिथं जा की." आणि त्या वर्गात गेल्या.

मी रुपाच्या घरी गेलो. वडील नुकतेच पहिल्या पाळीवरून आले होते. त्यांनी लगबगीनं खुर्ची पुसून दिली, चहा सांगितला. आतल्या खोलीचं दार ओढलेलं होतं. मी म्हणालो, "माझं चुकलं. रुपाला शाळेत पाठवा."

ते हात जोडून म्हणाले, "तुमचं कसं चुकंल, सर? बाई मायेपोटी बोलायच्या. आमाला बी वाटायचं, शिकंल पोरगी. पर तुम्ही परदेशातल्या शाळा बघून आलेलं मानूस. तुम्हीच म्हनला घरी ठेवा, तवा आमची खात्री पटली."