हात स्पष्ट, चेहरा पुसट

दुसरी प्लेटही बिघडली होती. फोटो धुण्याच्या कोठीत लाल कंदिलाच्या उजेडात मी ती पाण्यातून वर धरली. बाईंचे हात इतके स्वच्छ उमटले होते की तसबीहचे, म्हणजे जपमाळेचे, मणी एकेक ओळखू येत होते. बाहीची किनार, बोटांवरच्या सुरकुत्या, सगळं जागच्या जागी. आणि चेहरा पुसट. नाक कुठं संपतं आणि ओढणी कुठं सुरू होते तेही कळू नये इतका पुसट.

ज्यांनी त्या काळचे फोटो निघताना पाहिले नाहीत त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. तेव्हा फिल्म नव्हती आमच्याकडे. काचेची प्लेट असायची, तिच्यावर औषधाचा लेप. कॅमेरा म्हणजे स्टँडवरची लाकडी पेटी. पुढं लेन्स, मागं दुधी काच. डोक्यावर काळं फडकं घ्यायचं, त्या दुधी काचेवर समोरचं माणूस उलटं दिसतं ते बघायचं, आणि लेन्स मागंपुढं करून ते स्पष्ट करायचं. याला आम्ही फोकस धरणं म्हणतो. फोकस धरला की दुधी काच बाजूला करायची आणि तिच्याच जागी प्लेट सरकवायची. काच जिथं होती, बरोबर तिथंच प्लेट बसली पाहिजे. सगळा धंदा या एका गोष्टीवर चालतो.

निजामी अमलात बीडमध्ये फोटोचं दुकान म्हणजे मीच. जुन्या कॅमेऱ्याची लेन्स धुरकट होऊन तो कडक उन्हापुरताच उरला म्हणून विलायती कंपनीचा कोरा कॅमेरा मोठ्या हौसेनं मागवला होता. वर्षाची गॅरंटी होती. लग्नं झाली, पैलवानांचे फोटो झाले, कुठं तक्रार आली नाही. मग गनीमियाँ आले.

गनीमियाँ तहसीलीत पेशकार होते. माझ्याच वयाचे, कमी बोलणारे. त्यांच्या आई, आम्ही सगळे अम्मा म्हणायचो त्यांना, हजला निघायच्या होत्या. त्या काळी म्हातारं माणूस हजला निघालं की परत येईल असं कुणी धरून चालत नसे. सगळ्यांची माफी मागून, घेणंदेणं मिटवूनच माणूस निघायचं. अम्मांची एकुलती मुलगी रझिया उमापूरला दिली होती. ती रुखसत करायला, निरोप द्यायला आली आणि आईच्या पायाशी हटून बसली, की तुझी एक तसबीर मला पाहिजे. अम्मांनी जन्मात तसबीर काढू दिली नव्हती. त्यांच्या मनाला ते पटतच नव्हतं. पण पोरीनं जेवण सोडलं, तेव्हा त्या हो म्हणाल्या. भिंतीवर लावायची नाही, पेटीत कापडात गुंडाळून ठेवायची, या बोलीवर.

आता पडद्यातल्या बाईचा फोटो मी कसा काढणार? अंगणात काढावा तर शेजारच्या माडीवरून दिसतं. म्हणून आतल्या दालनात, दाराच्या उजेडात काढायचं ठरलं. तिथं माझी एक रीत होती. लेन्सपासून एक दोरा ताणायचा. खुर्चीवर गनीमियाँना बसवायचं, दोरा त्यांच्या नाकापर्यंत नेऊन तिथं गाठ मारायची, आणि त्यांच्यावर फोकस धरायचा. मग प्लेट सरकवून मी बाहेर अंगणात, भिंतीकडं तोंड करून उभा. अम्मा येऊन खुर्चीवर बसणार, गनीमियाँ दोऱ्याची गाठ त्यांच्या नाकाशी जुळवणार, लेन्सचं टोपण काढून चार अंक मोजणार, टोपण परत लावणार. बीडमधल्या कितीतरी बायकांचे फोटो मी जुन्या कॅमेऱ्यानं असे त्यांना न बघता काढले होते. धुताना प्लेट बघावीच लागते, ते घरच्यांना ठाऊक असायचं आणि त्याबद्दल कुणी बोलायचं नाही.

पहिली प्लेट बिघडली तेव्हा मी दोष गनीमियाँवर टाकून मोकळा झालो. गाठ नीट जुळवली नसेल, म्हातारी पुढं झुकली असेल. दुसऱ्या वेळी खुर्चीच्या पायांशी खडूच्या खुणा केल्या, अम्मांच्या मानेमागं उशी दिली, गनीमियाँकडून गाठ दोनदा जुळवून घेतली. तरीही हात स्पष्ट, चेहरा पुसट.

प्लेट घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. पडद्याआड गनीमियाँनी आईला ती दाखवली.

मग अम्मांचा आवाज आला, "दत्तू बेटा, तुझा कसूर न्हाई. हात उमटले, माळ उमटली. चेहराच तेवढा पुसला. ह्याच्यापरीस साफ कुणी सांगावं? अल्लाला मंजूर न्हाई."

"अम्मा, तो यंत्राचा दोष असंल."

"लई लग्नाचे फोटू काढलेस की त्याच यंत्रानं. त्येंची तोंडं बरी उमटली? माझंच कावून पुसलं?"

आत रझिया रडत होती. अम्मा तिला म्हणाल्या, "रडू नको. आता पुन्हा विचारू बी नको." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. फोटो फसला तर फोटोवाल्यानं ऐकून घ्यावं, इथं तर देवाच्या दरबारात निकाल लागला होता, आणि तो माझ्या कॅमेऱ्याच्या जोरावर.

घरी येऊन मी पाच तांबे घेतले. बायको विचारत राहिली, मी ऐकलं नाही. तांब्यांवर खडूनं आकडे घातले आणि एकाच्या मागं एक, पण थोडे तिरके, म्हणजे सगळे दिसतील असे, एकेका वितीवर मांडले. अम्मा बसल्या होत्या तेवढ्याच अंतरावर. तिसऱ्या तांब्यावर फोकस धरला. प्लेट धुतली. तिसरा तांब्या पुसट, दुसरा लखलखीत. पुन्हा काढलं. पुन्हा दुसराच.

मग डोक्यात प्रकाश पडला. दुधी काच कारखान्यातच पुठ्ठ्याएवढी पुढं बसली होती. काचेवर एक दिसायचं, प्लेटवर त्याच्या वीतभर अलीकडचं उमटायचं. मांडीवरचे हात चेहऱ्याच्या वीतभर अलीकडंच असतात. आणि लग्नाचे फोटो का बरे आले? ते उन्हात काढलेले. उन्हात लेन्सचं भोक बारीक ठेवतात. भोक बारीक असलं की मागचं पुढचं सगळंच स्पष्ट येतं, असले दोष त्यात झाकून जातात. दालनात उजेड कमी, भोक पूर्ण उघडावं लागलं, आणि दोष उघडा पडला.

तांब्यांचे फोटो, उन्हात काढलेले एकदोन बरे फोटो आणि कॅमेरा घेऊन मी सर्व्हिस मोटारीनं नगर गाठलं. कंपनीचा एजंट तिथं होता. कोट, चष्मा, टेबलावर घंटी. त्यानं एका पैलवानाचा फोटो उचलला.

"हा याच कॅमेऱ्यानं काढलाय?"

"होय."

"मग कॅमेरा उत्तम आहे. ही ऑपरेटरची मिस्टेक. बसणारा माणूस हलला असणार."

"तांबे हलतात का, साहेब?" मी पाच तांब्यांचे फोटो त्याच्यापुढं ठेवले.

त्यानं चष्मा वर केला, फोटो जवळ नेला, लांब नेला. माणूस वाईट नव्हता. "हं," म्हणाला, "गॅरंटीत बसतंय. माल विलायतेला जाईल. सहा महिने धरा."

"बाई महिन्याच्या आत हजला निघतात. इथंच मागचे चार स्क्रू काढून काचेखाली पुठ्ठा घातला तर?"

"हे सील बघा." स्क्रूवर लाखेचा ठिपका होता. "हे फुटलं की गॅरंटी संपली. पुढं कॅमेऱ्याचं काहीही झालं तरी कंपनी ओळख दाखवणार नाही."

"मग मी काय करू?"

"रिपोर्ट लिहून ठेवा. जमेल तेव्हा पाठवा."

परत निघालो. कडा गावाजवळ हद्दीवर करोडगिरीचा नाका होता. निजामाच्या मुलखात बाहेरचा माल आला की तिथं जकात. कारकुनानं कॅमेरा बघितला आणि नवा माल म्हणून अडवला. मी म्हटलं, "बे, सकाळीच गेलतो की हितनं! बिघडलेला हाय." तो म्हणाला, "दिसतुय तर लई झकास. बिघाड कुठं हाय, दाव." आता उभ्या रस्त्यात त्याला काय दाखवणार? मोटारीतले चार लोक साक्षीला उतरले तेव्हा सुटलो.

उरलेल्या वाटेत राग ओसरला आणि सुचलं. यंत्र खोटं बोलतंय, पण एकसारखं खोटं बोलतंय. दर वेळी वीतभरच. मग आपणही वीतभर मागं फोकस धरावा. दोऱ्याला दोन गाठी मारायच्या, दुसरी वीतभर पुढं. गनीमियाँना लांबच्या गाठीवर बसवून फोकस धरायचा, अम्मांना जवळच्या गाठीवर बसवायचं. सील शाबूत, गॅरंटी शाबूत, चेहरा स्पष्ट. माझा मलाच इतका आनंद झाला की शेजारच्या माणसाला पान दिलं.

पण अम्मा बसायला तयार झाल्या पाहिजेत ना.

मी गनीमियाँना म्हटलं, "अम्मांचा फोटो नको. नुसते तांबे मांडू द्या दालनात. त्यांनी फक्त बघायचं." तांब्याच्या तसबिरीला कुणाची हरकत असणार? तांबे त्यांच्याच घरचे घेतले. मी विचारलं, "अम्मा, कुठल्या तांब्यावर फोकस धरू? तुमीच सांगा."

पडद्याआडून उत्तर आलं, "चौथा."

मी चौथ्यावर फोकस धरला आणि अंगणात जाऊन भिंतीकडं तोंड केलं. आत अम्मा काळ्या फडक्याखाली शिरल्या. मला ऐकू येत होतं.

"अगं रझिया, सगळं उलटं टांगल्यावानी दिसतंय की!"

गनीमियाँ म्हणाले, "साफ कुठला दिसतो, अम्मा?"

"चौथाच. काय झकाझक दिसतुय."

प्लेट काढली. घरी जाऊन धुतली, छापली, दुसऱ्या दिवशी घेऊन गेलो. पडद्याखालून फोटो आत सरकवला. आता यांनी याचाही काही वेगळाच अर्थ लावला तर?

मग अम्मा म्हणाल्या, "मी डोळ्यानं चौथा बघितला. हितं तिसरा आलाय."

"व्हय, अम्मा. यंत्राची खोड हाय ती. दर बारी एक अलीकडचा धरतंय."

"चौथ्याचं तोंड पुसलंय."

"व्हय."

आणि मग अम्मा हसल्या. म्हाताऱ्या माणसाचं बारीक, दमलेलं हसू. "अल्लाला तांब्याचं तोंड पुसून काय करायचं हाय! गनी, खुर्ची आण बाबा."

त्याच दुपारी दोन गाठींच्या दोऱ्यानं फोटो काढला. मी भिंतीकडं तोंड करून उभा होतो आणि गनीमियाँ आत एक-दो मोजत होते. प्लेट पाण्यातून वर काढली तेव्हा चेहरा स्पष्ट होता. डाव्या भिवईत एक जुना वण होता, तोसुद्धा. आता हात किंचित पुसट आले होते, पण हातांबद्दल कुणाचा हट्ट नव्हता. मी एकटाच कोठीत मोठ्यानं "आला!" म्हणून ओरडलो.

अम्मांनी मात्र तो बघितला नाही. म्हणाल्या, "आता मन तिकडं लागलंय, ते तसबिरीत गुंतवू नका. आले माघारी, तर बघीन." निघायच्या दिवशी मी निरोप द्यायला गेलो. बुरख्यातून त्यांनी हात जोडले. "दत्तू बेटा, कहा-सुना माफ कर. तुझ्या यंत्राला बी मी बोल लावला." मी त्यांच्या पाया पडलो.

त्या गेल्यावर मी कॅमेरा विलायतेला धाडला. तो गेला आणि मी जुन्याच खटाऱ्यावर लग्नं काढत बसलो. खूप महिन्यांनी पेटी परत आली. सोबत चिठ्ठी होती, की तपासणीत कोणताही दोष आढळला नाही, तथापि ग्राहकाच्या समाधानासाठी काच जुळवून दिली आहे. नाक्यावर नव्या मालाची जकात पडली ती पडलीच. आणि गंमत म्हणजे कॅमेरा सुधारला होता, पण माझा हात बिघडला होता. सवयीनं वीतभर मागं फोकस धरला आणि पहिल्याच नवरदेवाचं तोंड घालवलं.

अम्मा मात्र त्याच्या आधीच सुखरूप परत आल्या होत्या. वाळल्या होत्या म्हणे, पण आवाज खणखणीत होता. गनीमियाँनी मला बोलावून घेतलं. रझिया उमापूरहून फोटो घेऊन आली होती, कापडात गुंडाळलेला. पडद्याआड तो अम्मांच्या हातात दिला.

मला वाटलं, आता काहीतरी चेष्टा करतील. गनीमियाँ उठून आत गेले. मग अम्मांचा आवाज आला, पण तो माझ्यासाठी नव्हता.

"ही मी न्हाई. ही माझी अम्मा हाय."

रझिया म्हणाली, "तूच हायेस गं."

"मी लहान होते ती गेली तवा. तिचं तोंड आठवत न्हवतं मला. किती वर्षं आठवायला बघते. आरशात मी काजळ बघितलं, केस बघितले. तोंड कुठं बघितलं?" मग म्हणाल्या, "अशीच बसायची ती. अशीच."

मी चपला घालून निघत होतो, तेवढ्यात त्यांनी हाक मारली.

"दत्तू बेटा, रझियाला दुसरा काढून दे. हा माझ्यापाशी ऱ्हाऊ दे."

प्लेट मी जपून ठेवली होती म्हणून बरं, तिच्यावरून दुसरी प्रत छापता आली. तेव्हापासून चांगला फोटो आला की त्याच दिवशी दोन प्रती छापून ठेवायची सवय लावून घेतली. गिऱ्हाईक एकच मागतं, दुसरी नको म्हणतं. मी वाद घालत नाही, छापून ठेवतो. लागते.