पाचव्या मजल्यावरची किल्ली

तमारा मात्वेयेव्नाने फाइना येगोरोव्नाला पहिल्यांदा पाहिलं ते स्वतःच्याच स्वयंपाकघरात, घर तापवणाऱ्या रेडिएटरला फाइना गाल टेकवून उभी असताना. व्होलोग्दातल्या त्या पाचमजली इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, तमारा नुकतीच राहायला आली होती. ऑक्टोबर लागला होता. शहराच्या बॉयलरघरातून गरम पाणी सुटलं, तोच बेल वाजली आणि गळ्यात पितळी किल्ली अडकवलेली एक ठेंगणी म्हातारी सरळ आत शिरली.

"चालतंय! ऐका, ऐका, कसं गुरगुरतंय!" ती लहान मुलीसारखी ओरडली. "मी फाइना. पाचव्या मजल्यावरची. तुमची थंडी माझ्या हातात आहे, बरं का."

ते खरंच होतं. पाणी एका उभ्या पाइपने वर चढायचं, फाइनाच्या खोलीतून वळायचं आणि दुसऱ्या पाइपने घरं तापवत खाली यायचं. उन्हाळ्यात दुरुस्तीसाठी रिकामे केलेले पाइप पुन्हा भरले, की आत अडकलेली हवा सगळ्यात वर जाऊन बसायची आणि पाणी तिथंच अडायचं. मग फाइना रेडिएटरखाली तसराळं धरून त्याच्या टोकाची खुंटी किल्लीने सैल करायची, हवा सोडायची आणि प्रत्येक मजल्यावर गाल टेकवून खात्री करत खाली यायची. जन्मभर ट्रॉलीबस चालवलेली बाई ती. वाट अडलेली तिला खपायचीच नाही.

तमाराची लेक उल्याना बाळंत झाली त्या शरदात मात्र विपरीत घडलं. शेजारच्या जिन्यावरची घरं तापली, यांच्या जिन्याचा पाइप गारच. विजेची शेगडी लावली की फ्यूज उडे. आणि उल्याना त्याच दुपारी बाळाला घेऊन इस्पितळातून निघाली होती. तमारा धापा टाकत वर गेली.

"फाइना येगोरोव्ना, हवा सोडा ना! बाळ यायला निघालंय!"

"सोडू कुठून?" फाइनाने भिंतीकडे हात केला. तिथे नक्षीदार लाकडी पेटी चमकत होती. "आमच्या चिरंजीवांनी रेडिएटरला पुरलंय."

"पुरलंय काय, आई? सजवलंय!" दाराशी उभा रोदिओन म्हणाला. "ते लोखंडाचं धूड बघवत नव्हतं."

"झाकण कुठाय?" तमाराने विचारलं.

सांधा दिसू नये म्हणून रोदिओनने सगळ्या फळ्या सरसाने चिकटवल्या होत्या.

"उद्या करवत आणतो, नीट कापून देतो."

"उद्या? पोर आज गारठेल! कुऱ्हाड आण."

"आई, अख्खी सुट्टी गेली माझी त्यात!"

"मग अजून पाच मिनिटं जाऊ दे."

त्याने कुऱ्हाड आणली आणि उगारलीही. फाइनाने ती काढून घेतली. "तू नक्षी वाचवत मारशील."

पहिल्याच घावाला फळी तडकली, दुसऱ्याला भगदाड पडलं. फाइनाने गळ्यातली किल्ली काढून खांद्यापर्यंत हात आत घातला.

"तमारा, तसराळं! खाली धर, खाली!"

फुस्स! हवा सुटली, मग काळं पाणी थुंकल्यासारखं आलं, आणि मग सरळ धार. रोदिओनचा हात आपोआप पाइपवर गेला. "तापतोय! आई, तापतोय!"

फाइनाने खुंटी आवळली आणि तिघंही जिना उतरत सुटली. चौथा मजला कोमट, तिसराही. तमाराच्या स्वयंपाकघरात फाइनाने गाल टेकवला आणि डोळे मिटले.

"गुरगुरतंय!" ती किंचाळली.

अंगणात गाडीचं दार वाजलं. दुलईत गुंडाळलेली उल्यानाची लेक तोन्या घरात आली, तेव्हा खिडकीच्या काचेवर वाफ धरली होती.

तोन्या आता शाळेत जाते. रोदिओन दर सुट्टीत नवी फळी बसवायचं म्हणतो, आई नको म्हणते. फाइना अजूनही पाचव्या मजल्यावरच राहते आणि नक्षीतल्या त्या भगदाडात आपलं तसराळं ठेवते.