मुलाखतीच्या दिवशीचं दही

भूतबित मी कधी मानलं नाही. माझी बायको सुमन गेली तेव्हा शेजारच्या बाया म्हणत, "भाऊजी, त्या इथंच आहेत घरात." मी सरळ म्हटलं — असेल तर चहा मांड म्हणा तिला. सातवी शिकलेला माणूस मी. जबलपूरला गोहलपुरात खराद मशीनवर लोखंड कापण्यात जन्म गेला. हाताला लागते तेवढंच खरं. तरी हे लिहून राहिलो...

आमची रश्मी एकुलती एक. शिकून शिकून डॉक्टर झाली, पण सुई टोचणारी नाही. शरीरातलं प्रोटीन आपल्या आपण घडी कशी घालून घेते, अन् घडी चुकली तर रोग कसा होते, ते कंप्युटरवर पाहते. त्याच्यापुढं पोस्टडॉक म्हणून असते — दोन-तीन वर्षं दुसऱ्याच्या लॅबमध्ये राहून संशोधन करायचं. तिनं कुठंकुठं अर्ज केले, बहुतेकांनी नाहीच म्हटलं. शेवटी जर्मनीच्या एका लॅबनं मुलाखत ठेवली. कंप्युटरवरच, घरी बसून.

आदल्या दिवशी जेवताना म्हणते, "बाबा, मी नाही जाणार. आप अकेले कैसे रहोगे? इंटरव्यू तो बस ऐसे ही दे रही हूँ."

"मी काय पाळण्यातलं पोर आहे?" मी खेकसलो. पण खरं सांगतो, आतून बरं वाटलं. राहू दे इथंच...

मुलाखत दुपारची. ती आतल्या खोलीत, मी फाटकाशी खुर्ची टाकून — कोणी घंटी वाजवू नये म्हणून. भाजीवाला ओरडत आला.

"चुप रे भैया! बिटिया का इंटरव्यू है."

"अच्छा! कहाँ गई है, दादा?"

"कहीं नहीं. अंदर बैठी है."

तो हसला. मलाही हसू आलं. मग आठवलं — पोरगी परीक्षेला निघाली की सुमन तिच्या हातावर दही ठेवे. पण ही तर उंबरठाही ओलांडत नव्हती, मग दही कशाचं? अन् होतं कुठं? सुमन गेल्यापासून घरात विरजणच लागलं नाही. चहापुरतं पाकिटाचं दूध येते, बस.

रश्मी बाहेर आली ती रडतच. मला वाटलं, गेलं काम.

"काय झालं, बेटा?"

"बाबा, त्यांनी विचारलं, कधी येऊ शकता. मी नाहीच म्हणणार होती... तेवढ्यात तुम्ही बाजूनं आले अन् हातावर दही ठेवलं. माझी नजर स्क्रीनवर. मी तसंच चाटलं, और मुँह से हाँ निकल गया."

तिनं तळहात माझ्यापुढं केला.

"अन् मीठ टाकलं, आईसारखं! तुम्हाला याद होतं?"

मिठाचं असं — दहावीच्या पहिल्या पेपरला सुमननं घाईत साखर समजून मीठ टाकलं. पोरगी फर्स्ट क्लासमध्ये पास झाली. मग काय, सुमन हट्टालाच पेटली. दर परीक्षेला मीठच.

मी तिचा हात धरून पाहिला. बोटांच्या फटीत पांढरं लागून होतं. वास घेतला — दहीच. मी तर खुर्चीवरून उठलोच नव्हतो. मागच्या दाराला आतून कडी. स्वयंपाकघर पाहिलं, फ्रिज पाहिला. ना खरकटी वाटी, ना चमचा.

ती मागंमागं आली. "मला वाटलं होतं, तुम्हाला मी जायला नको. दही दिलं नसतं ना बाबा, तर मी गेली नसती."

आता सांगा, मी काय बोलायचं होतं? म्हटलं, "चलो, बॅग कोणती नेते ते पाहू."

गेली ती. रविवारी व्हिडिओ कॉल करते, तिकडची थंडी दाखवते. तिला मराठी बोलता येते, पण वाचता येत नाही — हिंदी शाळेत शिकली — म्हणून इथं बिनधास्त लिहिलं. हे कसं झालं, मला आजही समजलं नाही. कोणी समजावून सांगेल, त्याचं ऐकून घेईन.

पण एक गोष्ट मनातून जात नाही. आत जायचं तर फाटकातूनच, माझ्या खुर्चीला घासूनच जावं लागते. सुमन... घडीभर थांबली काहून नाही?