पतियाळ्याच्या मॅचला बापाची सही

अन्याय झाला तो आमच्या कॉलेजच्या मुलींच्या फुटबॉल संघातल्या गोलकीपरवर. डिसेंबरातल्या दुसऱ्या शुक्रवारी, दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी, क्रीडा विभागाच्या खोलीत. तिच्या आईवरही झाला, कारण टेबलासमोर आई उभी होती आणि परत ढकलला गेला तो तिच्या सहीचा कागद. मी दारात उभी होते, म्हणून ऐकीव सांगत नाहीये.

आधी बेत सांगते, कारण बेत चांगला होता. सेमीफायनल पतियाळ्याला होती, रविवारी सकाळी अकराला, तिथल्या कॉलेजच्या मैदानावर. आमच्या मुली पहिल्यांदाच इतक्या पुढे गेल्या होत्या. त्यांच्या मॅचला आजवर विसाच्या वर प्रेक्षक मी पाहिले नव्हते, आणि त्यातले निम्मे म्हणजे मैदानाला फेऱ्या मारणारे, कानटोपी घातलेले काका. मी ठरवलं, या वेळी समोरच्यांच्या मैदानावर आपला आवाज न्यायचा. मी एम.ए.ला आहे आणि खेळात शून्य आहे. पण माणसं जमवणं मला येतं. परभणीत अकरावीपासून पत्रकं लिहिली, वाटली, भिंतींवर चिकटवली. वसतिगृहाचं पाणी, अडकलेली शिष्यवृत्ती, काय वाट्टेल ते. दिल्लीत येऊनही तेच करते.

तर कोपर्निकस मार्गावरच्या, आपल्या राज्याच्या जुन्या सदनाच्या उपाहारगृहात दोन टेबलं जोडून आम्ही बसलो. मी, सात-आठ जणी, गोलकीपर स्वतः, आणि मयूर विहारच्या फ्लॅटमधली माझी रूममेट. ती यूपीएससीची तयारी करते आणि थालीपीठ मिळणार म्हटलं की कुठल्याही चळवळीत येते.

"ट्रेन बिल्कुल नको," रूममेट म्हणाली. "धुक्यात गाडी अंबाल्याला पोचेल तोवर पेनल्टी शूटआउट झालेलं असेल."

"आणि टेम्पो ट्रॅव्हलर काय धुक्यावरून उडणार?" एकीनं विचारलं.

"शनिवारी दुपारी निघायचं ना यार. उजेडात कर्नाल पार. मुक्काम गुरुद्वाऱ्याच्या सरायीत."

"रजई मिळते तिथं?"

"मिळते. लंगरपण आहे. तू फक्त ओरडायला ये."

गोलकीपर वेगळंच विचारत होती. सकाळी अकराला तिथं ऊन कुठल्या बाजूनं येतं? म्हणजे पहिल्या हाफमध्ये डोळ्यांवर येणार की पाठीवर? मोठा थर्मास कुणाकडे आहे? थंडीत ग्लव्ह्ज लाकडासारखे होतात आणि बॉल हाताला दगडासारखा लागतो. हाफटाइमला हात गरम पाण्यात बुडवले की बोटं परत आपली होतात, असं ती म्हणाली. ती बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. त्या मॅचला उत्तर भारताच्या विद्यार्थिनींच्या संघाचे निवडकर्ते येणार होते, गोलकीपर निवडायला. पुढच्या वर्षी ती कॉलेजात नसेल. म्हणजे तिच्यासाठी पतियाळा एकदाच होतं. आम्हा सगळ्यांना हे माहीत होतं आणि विभागालाही माहीत होतं.

मग फॉर्म आला. दिल्लीबाहेर जाणाऱ्या विद्यार्थिनींसाठी, असं वर छापलेलं. खेळायला जाणारी असो की नुसती टाळ्या वाजवायला, प्रत्येकीनं भरायचा. खाली एकच रकाना: वडिलांची सही. मागच्याच महिन्यात मुलांचा संघ जयपूरला जाऊन आला होता. त्यांना फॉर्म नव्हता. मी विचारलं तर क्रीडा विभागातला बाबू म्हणाला, "लड़कों की तो लिस्ट जाती है." लिस्ट! वीस वर्षांचा मुलगा यादीतून जातो आणि वीस वर्षांची मुलगी बापाच्या परवानगीनं. मतदान करायला चालते, बँकेत खातं उघडायला चालते. पतियाळ्याला जाऊन गोल अडवायला चालत नाही.

गोलकीपरच्या घरी सही करते ती आई. दाखला, आजारपण, शाळेची सहल, सगळीकडे तिचीच. मूळ नागपूरची, केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात अधिकारी, लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये मायलेकी राहतात. फॉर्मवर तिनं वडिलांच्या रकान्यात नेहमीसारखी स्वतःची सही केली. तो परत आला. म्हणून शुक्रवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून काकू स्वतः आल्या, ऑफिसचं ओळखपत्र गळ्यात तसंच.

"मैडम, फादर के साइन चाहिए," बाबू म्हणाला.

"मैं माँ हूँ. बच्ची मेरे पास रहती है."

"वो तो ठीक है. फादर हैं?"

"हैं. नागपुर में. ग्यारह साल से हमारा कोई वास्ता नहीं."

"तो उनसे मँगवा लीजिए, व्हॉट्सॲप पे."

"वास्ता नहीं है, भाईसाहब."

"देखिए, एक्सपायर हो गए हों तो डेथ सर्टिफिकेट लगा दीजिए. फिर आपका साइन चल जाएगा."

"ज़िंदा आदमी का डेथ सर्टिफिकेट कहाँ से लाऊँ?"

मागच्या टेबलावरचं कुणीतरी हसलं. बाबूलाही बरं वाटलं असावं, तो जरा पुढे वाकला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "अरे मैडम, घर में कोई जेंट्स तो होगा. मामा, चाचा, कोई भी. कौन मिलाता है."

हे वाक्य मी पुन्हा लिहिते, कारण त्याच्याकडे नुसतं बघून पुढे जाता येत नाही. कोणीही पुरुष. टेम्पो ट्रॅव्हलरच्या ड्रायव्हरनं वडिलांचं नाव लिहून रेघोट्या मारल्या असत्या तरी चाललं असतं. खोटी चालते, फक्त पुरुषाची हवी. खरी चालत नाही, कारण ती बाईची आहे. आणि याला ते मुलींची सुरक्षा म्हणतात! कुणाच्या हातून सुरक्षित ठेवताय, आईच्या?

काकूंनी कागद उचलला, नीट घडी घातली आणि पर्समध्ये ठेवला. बाहेर व्हरांड्यात लेकीला म्हणाल्या, "खोटी सही करायची नाही. मॅच गेली तरी."

"आई, मी कुठं म्हटलं करू?"

"आधीच सांगून ठेवते." मग माझ्याकडे वळल्या. "माझी आई आयुष्यभर अंगठा लावत होती, पोरी. मी सही करते तेव्हा मंत्रालयात फाईल पुढे जाते. इथं म्हणे मामाची चालते." घड्याळ बघितलं आणि दीडच्या आत पोचायचं म्हणून मेट्रोकडे निघाल्या.

फॉर्म द्यायची मुदत शनिवारी सकाळी दहापर्यंत होती. गोलकीपर मला म्हणाली, "ताई, संध्याकाळपर्यंत थांब. मी टीमशी बोलते. मग तुला फोन करते."

मी थांबले नाही.

मेट्रोत उभ्या उभ्या मी पत्रक लिहिलं. राग असला की माझा हात फार चांगला चालतो, आणि त्या दिवशी तर असा चालला की मयूर विहार येईपर्यंत मसुदा तयार होता. पाच वाजता तो कॉलेजच्या सगळ्या ग्रुपवर गेला. मराठी मुलांच्या ग्रुपवर मराठीत, बाकीच्यांना हिंदीत. विभागाचा निषेध होता, पितृसत्ता होती, जाब विचारा होतं. आणि वर, मोठ्या ठशात: एका परित्यक्ता मातेचा अपमान. नाव लिहिलं नव्हतं. पण संघात गोलकीपर एकच असते.

सातच्या सुमारास फोन आला, तिच्या आईचा. "घरी ये."

लक्ष्मीबाई नगरात दार काकूंनीच उघडलं. मी जय भीम केला, त्यांनी केला, आत ये म्हणाल्या, चहा ठेवते म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर सोपं गेलं असतं. लेक जमिनीवर ग्लव्ह्ज पसरून बसली होती, शेजारी मोबाईल.

"ताई, हे परित्यक्ता म्हणजे काय? मला माहीत नव्हतं. आईला विचारावं लागलं."



"टाकून दिलेली," स्वयंपाकघरातून काकू म्हणाल्या. "पण टाकलं मी होतं त्याला. दोन बॅगा आणि ही. तेवढं तरी विचारून छापायचं होतंस."

"काकू, माझं चुकलं. पण विभागाला उघडं पाडायचं होतं ना."

"विभागाला कुठं पाडलंस यार," गोलकीपर म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "आमचं घर पाडलंस. तीन काकवांनी फोन करून सहानुभूती दिली. बाबूनं कोचला सांगितलं, आता तर बापाची खरी सही आणली तरी मी दहादा तपासणार." मग तिनं विचारलं, "तुझ्या फॉर्मवर कुणाची सही आहे?"

माझा फॉर्म बुधवारीच गेला होता. मी परभणीला फोटो पाठवला, बाबांनी शाळेच्या स्टाफरूममध्ये सही करून दहा मिनिटांत परत पाठवला, वर लिहिलं, मफलर विसरू नको.

"बाबांची."

"का? तुला आई नाहीये?"

"आहे."

"मग?"

मला सुचलंच नव्हतं. बाबांना पाठवायचं, ते सही करतात, असंच पहिलीपासून चालत आलंय. आई शेजारी बसलेली असली तरी कागद बाबांकडे सरकतो.

"अठरा जणींचा संघ," ती म्हणाली. "सगळ्यांच्या घरी आई आहे. मी सांगणार होते, फॉर्म परत मागून घ्या आणि आईची सही घेऊन द्या. सगळ्यांचे अठरा फॉर्म आईच्या सहीचे गेले असते, तर विभाग काय करणार होता? सेमीफायनल सोडणार होता? चार जणी हो म्हणाल्या होत्या, ताई. दोघींच्या आयांनी तर सही करूनपण ठेवली होती. मग तुझं पत्रक आलं आणि घराघरांतून फोन आले की तू यात पडू नको."

चहा आला. मी प्यायले, कारण नाही म्हणायची हिंमत नव्हती.

शनिवारी दहाला मुदत संपली. संघ अकराला गेला, गोलमध्ये उभी राहायला एक डिफेंडर घेऊन. आमचा टेम्पो ट्रॅव्हलर रद्द करायचा असं मी म्हणत होते, पण गोलकीपरनं ऐकलं नाही. "जा आणि ओरडा. ती पोरगी आयुष्यात गोलमध्ये उभी राहिली नाहीये, तिला कुणीतरी हवं." आम्ही गेलो. मी बाबांच्या सहीवर गेले, हे लक्षात ठेवा, मी ठेवलंय. मुली तीन-शून्य हरल्या. निवडकर्ते डाव्या बाजूला खुर्च्या टाकून बसले होते, त्यांनी समोरच्या संघाची गोलकीपर निवडली. चांगली होती ती. तिचा काही दोष नाही.

त्यानंतर विभागाला आम्ही अर्ज दिला, या वेळी पत्रक नाही, साधा अर्ज, गोलकीपरला दाखवून. उत्तर आलं की नियम जुना आहे. तो कुणी केला हे बाबूला माहीत नाही, त्याच्या साहेबांना माहीत नाही. कोण जपतंय हे मात्र मला कळलंय. बाबू जपतोय, आणि त्याच्याकडे दरवर्षी निमूट बापाच्या सह्या आणून देणारी आमची घरं जपतायत. रकाना भरत राहिला की तो बदलायची गरज कुणाला पडते? ज्यांच्याकडे बाप आहे त्यांनी सोयीनं भरलेल्या प्रत्येक फॉर्मनं त्या मुलीचा फॉर्म थोडा थोडा परत ढकलला. माझ्यानंही ढकलला.

म्हणून आता हे वाचणाऱ्या तुम्हाला सांगते, आणि हात जोडून सांगत नाहीये. तुमच्या मुलीचा, बहिणीचा असला कागद घरी येणारच आहे. सहलीचा असेल, मॅचचा असेल, वसतिगृहाचा असेल. तुम्ही बाप असाल तर पेन खाली ठेवा. आई असाल तर त्याच रकान्यात तुमची सही करा, एकटीची, खाली नवऱ्याची जोडू नका. परत आला तर तसाच पुन्हा द्या आणि नकार लेखी मागा. शेजारणीलाही हेच करायला लावा, एकटीचा कागद ते टाकून देतात. आणि तुम्ही टेबलाच्या पलीकडे बसत असाल, तर समोर उभ्या असलेल्या बाईची सही घ्या. या आठवड्यात आलेल्या पहिल्या कागदावर घ्या.