टाळ्यांचा ठराव

सुप्रभाचं जपानी वर्षभरात भाजीवाल्यापर्यंत पोचलं होतं, राजकारणापर्यंत नाही. नवरा विनय नागोयाच्या एका मोटार कारखान्यात इंजिनियर. सकाळी गेला की थेट जेवायलाच उगवायचा. घरात बसून भिंती तरी किती बघणार? म्हणून ती वस्तीतल्या ज्येष्ठांच्या मंडळात चहा द्यायला जाऊ लागली.

मंडळ साधंसुधं नव्हतं. दोनशे म्हातारी माणसं, आणि वादळात छत्री उलटी झाली तरी मत देऊनच घरी परतणारी. त्यामुळे निवडणूक जवळ आली की नगरसेवक ओगिसो-सान यांची कंबर आपोआप लवायची.

नव्व्याण्णवच्या फेब्रुवारीत कळलं, एप्रिलपासून वस्तीची बस बंद. मंडळाचे अध्यक्ष हात्तोरी-सान यांची बायको नदीपलीकडच्या इस्पितळात अंथरुणाला खिळलेली. ते रोज त्याच बसनं तिला भरवायला जात. डोळे अधू झाल्यापासून गाडी चालवणं सुटलं होतं. बस गेली की भेट गेली, इतकं सरळ.

ओगिसो-सान सभेला आले. सगळं ऐकून घेतलं, खोल वाकले आणि म्हणाले, "केन्तो शिमासु."

शब्दकोशात याचा अर्थ, विचार करतो. जपानात अर्थ, विसरा. पुण्यात वाढलेल्या बाईला 'बघू'चा अर्थ कळत नाही असं नाही. पण इतकं वाकून कुणी नाही म्हणत असेल, हे तिच्या डोक्यात कुठून येणार? पुढाऱ्यानं आश्वासन दिलं की टाळ्या वाजवायच्या, एवढं तिला पक्कं ठाऊक. तिनं किटली खाली ठेवली आणि कडाडून वाजवल्या.

सभा थिजली. पाहुणीची फजिती नको म्हणून हात्तोरी-साननी टाळ्या वाजवल्या. मग शेजारच्या आजींनी. मग सगळ्यांनी. अध्यक्षांनी उठून शब्द दिल्याबद्दल आभारही मानून टाकले. ओगिसो-सानना घाम फुटला. दोनशे मतांच्या टाळ्या परत कशा करणार? ते पुन्हा वाकले. बस राहिली.

"अगं, ते नाही म्हणत होते!" विनयनं कपाळाला हात लावला.

सुप्रभाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रव्याचे लाडू घेऊन ती हात्तोरी-सानकडे माफी मागायला गेली. त्यांनी डबा दोन्ही हातांनी घेतला.

"बायको रोज विचारायची, एप्रिलनंतर कसे येणार? मी रोज उत्तर टाळायला तिच्या खोलीची खिडकी उघडायचो," ते म्हणाले. "काल सांगितलं, बसनंच."